गॅलरीतल्या वाऱ्यासाठी: टाकाऊ सामानातून मुलांबरोबर करायच्या वस्तू

वाऱ्यासाठी शोभेची वस्तू करायला बसण्याआधी ती जिथे टांगायची, ती जागा मुलांबरोबर नीट पाहून घ्यावी. जुन्या जॉर्जेटच्या साडीच्या हातभर लांब आणि दोन बोटे रुंद चिंध्या कापून त्या गॅलरीच्या गजाला, गच्चीच्या कठड्याला, अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या तारेला अशा तीन-चार ठिकाणी बांधाव्यात आणि सकाळी, दुपारी व संध्याकाळी त्या किती आणि कोणत्या बाजूला उडतात, हे मुलांनी वहीत लिहावे. एवढ्याने बरेच काही कळते. गॅलरीच्या एका कोपऱ्यात चिंधी जवळजवळ लोंबतच राहते, दुसऱ्या कोपऱ्यात भिंतीला आपटून परतणाऱ्या वाऱ्यामुळे ती सतत दिशा बदलते, आणि गच्चीवर मात्र ती बराच वेळ एकाच बाजूला ताठ धरलेली दिसते. वारा एकाच दिशेने येत असेल, तर तिथे भिरभिरे आणि कापडी विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, शोभतो. वारा गरगरत असेल, तर तिथे कोणत्याही बाजूच्या वाऱ्याने फिरणारी बाटलीची फिरकी लावावी. आणि जिथे वारा मंद पण दिवसभर असतो, ती जागा वाजणाऱ्या नळ्यांसाठी राखून ठेवावी. मुलांनी मेहनतीने रंगवलेली वस्तू टांगल्यावर हललीच नाही, तर तिच्यातला रस दुसऱ्या दिवशी संपतो. त्यामुळे या पाहणीत गेलेला वेळ मला रंगरंगोटीत गेलेल्या वेळेपेक्षा मोलाचा वाटतो.

वाऱ्याचा जोर मोजायला यंत्र लागत नाही. ब्रिटिश नौदलातले अधिकारी फ्रान्सिस ब्यूफर्ट यांनी १८०५ मध्ये वाऱ्याच्या जोराची एक श्रेणी तयार केली आणि पुढे तिला जमिनीवरच्या खुणांची जोड मिळाली. झाडाची पाने नुसती सळसळत असतील, तर वारा दुसऱ्या पायरीवरचा. पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील आणि हलका झेंडा फडकत असेल, तर तो तिसऱ्या पायरीवरचा, म्हणजे ताशी साधारण १२ ते १९ किलोमीटरचा. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की चौथी पायरी. मोठ्या फांद्या हलू लागल्या आणि छत्री सांभाळणे कठीण झाले, की सहावी पायरी आली असे समजावे, आणि त्या वेळी टांगलेले सगळे काढून घरात आणावे. समोरच्या पिंपळाकडे किंवा नारळाकडे बघून आज कितवी पायरी आहे हे ठरवण्याचा खेळ सात-आठ वर्षांच्या मुलांना चांगला जमतो.

सामान: काय घ्यावे, काय टाळावे

मोडकी छत्री हे या कामातले सर्वांत उपयोगी सामान आहे. पावसाळा संपता संपता प्रत्येक घरात एखादी तरी निकामी छत्री निघते. तिचे कापड हलके असते, पाण्यात खराब होत नाही आणि उन्हातही बरेच टिकते, तर तिच्या पोलादी काड्या आसासाठी कामी येतात. याशिवाय श्रीखंडाचे किंवा आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि त्यांची झाकणे, पाण्याच्या बाटल्या, नारळाच्या करवंट्या, पूर्ण संपलेल्या बॉलपेनच्या रिफिली, तुटलेल्या माळांचे मणी, कुलपे हरवलेल्या किल्ल्या, जुन्या साड्या व ओढण्या, चकचकीत कागदाच्या मासिकांची मुखपृष्ठे, गेल्या वर्षीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या आणि इमारतीच्या गच्चीवर निकामी पडून असलेल्या दूरदर्शनच्या अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या एवढे जमले, की पुढचे सगळे करता येते. अँटेना कोणाचा आहे हे विचारून मगच काढावा, आणि तो काढण्याचे काम अर्थातच मोठ्या माणसाचे आहे.

काही गोष्टी टाकाऊ असल्या तरी मुलांच्या हाती देऊ नयेत. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांच्या कडा बोटे कापतात आणि त्यांत औषधाचा अंश उरलेला असतो. पत्र्याच्या डब्यांच्या कापलेल्या कडा, फुटक्या बांगड्या, जुने सेल आणि ट्यूबलाइट यांचाही विचार करू नये. थर्माकोल घरात पडलेला असला तरी वाऱ्यात त्याचे कण सुटून सगळीकडे पसरतात, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असलेल्या एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या यादीत सजावटीचा थर्माकोलही आहे. वेफर्सच्या पाकिटांच्या चंदेरी पट्ट्या चमकतात म्हणून अनेकांना आवडतात. मला त्या बाहेर टांगणे पटत नाही, कारण उन्हाने त्यांचे तुकडे पडतात आणि आपण गॅलरीतून कचराच उडवू लागतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून रद्दीवाल्याला द्याव्यात. त्यांचे पैसे येतात, आणि इतक्या मऊ प्लॅस्टिकची वाऱ्यावर चालणारी चांगली वस्तू क्वचितच होते.

दोऱ्याचा विचार आधीच करावा. सुतळी दिसायला छान असली तरी पावसात कुजते. सुती दोरा भिजून ताणला जातो. जाळी विणायला वापरतात ती जाडसर नायलॉनची दोरी सर्वांत बरी. पतंगाचा मांजा मात्र, तो घरात कितीही उरलेला असो, वापरू नये. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि काचेचा लेप दिलेल्या कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली ती पक्षी आणि माणसे त्यामुळे जखमी होत असल्यानेच. साध्या दोरीचेही लांब, सैल फास लोंबते ठेवू नयेत, कारण त्यांत पारव्यांचे आणि चिमण्यांचे पाय अडकतात.

भिरभिरे

जत्रेत मिळते तसले चार पात्यांचे भिरभिरे ही पहिली वस्तू असावी, कारण ते अर्ध्या तासात होते आणि बिघडले तर कागदाच्या एका तुकड्यापलीकडे काही वाया जात नाही. मासिकाच्या मुखपृष्ठाचा १५ सेंटीमीटर बाजूचा चौकोन कापावा. लग्नपत्रिकेचा कागद मोहात पाडतो, पण तो जाड असल्याने वळवताना मोडतो. चौकोनाचे दोन्ही कर्ण पेन्सिलीने आखावेत आणि चारही कोपऱ्यांपासून मध्याच्या दिशेने कापत यावे. मध्यबिंदूपासून दोन सेंटीमीटर अंतरावर कात्री थांबली पाहिजे. आता आठ टोके तयार होतात. त्यांतले एक सोडून एक टोक मध्यावर आणून टेकवायचे असते आणि ते घडी न घालता, गोलाई राखून आणायचे असते. मुले इथे हमखास बोटाने दाबून घडी घालतात. ती घातली की वारा धरणारा खळगाच उरत नाही आणि भिरभिरे अडखळते.

फिरण्याचे खरे रहस्य आसात आहे. बहुतेक भिरभिरी फिरत नाहीत, कारण टाचणी घट्ट बसलेली असते आणि कागद काठीला घासतो. रिकाम्या रिफिलीचे अर्ध्या सेंटीमीटरचे दोन तुकडे कापावेत. लांब टाचणीत आधी एक मणी ओवावा, मग चारही टोकांतून आणि मध्यातून टाचणी बाहेर काढावी, मागून रिफिलीचा एक तुकडा ओवावा आणि मग टाचणी बांबूच्या कामटीत खुपसावी. रिफिलीच्या तुकड्यामुळे कागद आणि कामटी यांच्यात अंतर राहते. टाचणी कामटीच्या मागून बाहेर आली, तर तिचे टोक पकडीने वळवून त्यावर दुसरा तुकडा बसवावा. ते उघडे ठेवू नये. कागदातली भोके टाचणीपेक्षा किंचित मोठी असावीत, इतकी की भिरभिरे हलवल्यावर सैल वाटेल. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे अशाच सामानातून, म्हणजे काड्यापेटीतल्या काड्या, सायकलची व्हॉल्व्हची रबरी नळी आणि रिकाम्या रिफिली यांतून, विज्ञानाची खेळणी तयार केली आणि त्या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. रिफिलीच्या तुकड्यासारखी बिनखर्ची वस्तू किती कामाची असते, हे त्यांच्या खेळण्यांवरून पटते.

एक भिरभिरे झाले की लगेच दुसरे करावे, पण या वेळी आठपैकी पहिल्या वेळी सोडलेली टोके मध्याकडे वळवावीत. दोन्ही शेजारी शेजारी धरून मुलांना वाऱ्याकडे तोंड करून उभे करावे. एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरेल आणि दुसरे उलट. असे का झाले, हे त्यांनाच पाती चाचपून शोधू द्यावे; प्रत्येक खळगा वारा अडवतो आणि वारा त्याला एका बाजूला ढकलतो, हे बहुतेक मुले न सांगता ओळखतात. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरच्या किंवा धुळे जिल्ह्यातल्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना तिथली पातीही किंचित तिरपी का बसवलेली असतात, हा प्रश्न इथे विचारता येतो.

कागदी भिरभिरे दवातही मऊ पडते. बाहेर कायम लावायचे असेल, तर जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलीचे पुठ्ठ्यासारखे आवरण वापरावे, मात्र ते कडक असल्याने टोके मध्यावर टिकत नाहीत आणि टाचणीऐवजी छत्रीच्या बारीक तारेचा आस करून दोन्ही टोकांना मणी घालून तार वळवावी लागते.

बाटलीची फिरकी

ज्या गॅलरीत वाऱ्याला ठरलेली दिशा नाही, तिथे भिरभिरे सारखे थांबते. तिथे उभ्या आसाची फिरकी करावी. एक लिटरच्या बाटलीवर वरून आणि खालून चार-चार बोटे जागा सोडून मधल्या भागावर समान अंतराने बारा उभ्या रेषा आखाव्यात. त्यांच्यामधल्या बारा पट्ट्यांपैकी एक सोडून एक पट्टीची वरची कड, खालची कड आणि डावीकडची उभी रेषा कापावी. उजवीकडची रेषा तशीच ठेवून तिच्यावरून पट्टी दाराच्या झडपेसारखी बाहेर वळवावी. सहाही झडपा एकाच दिशेला वळलेल्या असल्या पाहिजेत, एखादी उलट वळली तर फिरकी डळमळते. सरळ कापण्यासाठी सुरुवातीचा छेद मोठ्या माणसाने धारदार पात्याने द्यावा आणि पुढचे मुलांनी कात्रीने कापावे.

झाकणाच्या आणि बुडाच्या बरोबर मध्यावर तापवलेल्या खिळ्याने भोक पाडावे. हे कामही मोठ्यांचे. छत्रीची सरळ काडी दोन्ही भोकांतून आरपार काढून तिच्या खालच्या टोकाला मोठा मणी घालून टोक वळवले, की बाटली त्या मण्यावर टेकते आणि काडीभोवती सहज फिरते. काडीच्या वरच्या टोकाचा आकडा करून ती टांगावी. वळलेल्या झडपांच्या एका बाजूला उरलेले नेलपॉलिश किंवा ऑइलपेंट लावला, तर फिरताना रंगांची सरमिसळ दिसते. पोस्टर कलर प्लॅस्टिकवर टिकत नाही, पहिल्याच पावसात धुऊन जातो.

बाटलीच्या बुडाला आसाच्या भोकाशिवाय आणखी चार-पाच भोके पाडावीत. त्यांत कुचराई करू नये. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचे डास अंडी घालतात, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. बाहेर टांगायच्या प्रत्येक वस्तूला हाच नियम लावावा: डबा असो, झाकण असो किंवा करवंटी, तिच्यात पाणी थांबता कामा नये.

छत्रीच्या कापडाचा विंडसॉक

विमानतळावर आणि हेलिपॅडवर खांबाला लावलेली नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची निमुळती कापडी नळी मुलांनी निदान चित्रात पाहिलेली असते. तीच घरी करायला छत्रीची एकच त्रिकोणी कळी पुरते, कारण ती आधीच निमुळती कापलेली असते. काड्यांचे टाके उसवून कळी मोकळी करावी. मोठ्या श्रीखंडाच्या डब्याची वरची कड बोटभर रुंदीची कापून घ्यावी. तिचा व्यास साधारण १२ सेंटीमीटर असेल, तर घेर ३८ सेंटीमीटरच्या आसपास येतो. कळीचा पाया या घेरापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त असायला हवा. कमी पडत असेल तर लहान डबा शोधावा, कापड ताणू नये. कळीचे टोक अशा ठिकाणी कापावे, की तिथे तिची रुंदी १८ सेंटीमीटर राहील. मग दोन्ही तिरक्या बाजू एकमेकींवर आणून धावदोऱ्याने शिवाव्यात आणि पाया त्या कडीवर दुमडून पक्का करावा. धावदोरा आठ वर्षांच्या मुलांना येतो, आणि टाके वाकडे पडले तरी विंडसॉकचे काही बिघडत नाही. अरुंद टोकाला जुन्या साडीच्या काठाच्या पाच-सहा झिरमिळ्या लावल्या, की छत्रीचा काळेपणाही जाचत नाही.

कडीवर समान अंतराने तीन भोके पाडून तीन सारख्या लांबीच्या दोऱ्या ओवाव्यात आणि त्यांची टोके एकत्र बांधून त्या गाठीत एक सैल तारेची कडी अडकवावी. ही कडी खांबाभोवती मोकळी फिरली पाहिजे, म्हणजे विंडसॉक वाऱ्याबरोबर तोंड वळवू शकतो. दोन्ही टोके उघडी असावीत. मागचे टोक बंद केले, तर ती वाऱ्याने फुगलेली पिशवी होते आणि शिवण उसवते.

विंडसॉक वाचायला शिकवणे हा या वस्तूचा खरा उपयोग. शेपटी जिकडे, तिकडे वारा जातो. पण वाऱ्याला नाव मिळते ते तो जिकडून येतो त्या दिशेचे. त्यामुळे पावसाळ्यात नैर्ऋत्य मोसमी वारे वाहत असताना शेपटी साधारणपणे ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे झुकलेली दिसते. कोकणात समुद्राजवळ राहणाऱ्या मुलांनी डिसेंबर-जानेवारीच्या शांत दिवसांत दुपारी आणि पुन्हा पहाटे नोंद करावी. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे भूगोलाच्या पुस्तकात असतात, ते इथे शेपटीच्या दिशेवरून दिसतात. पुण्या-नाशिकच्या इमारतींच्या गर्दीत ही नोंद इतकी स्वच्छ येणार नाही, तिथे गच्चीवरचीच नोंद विश्वासाची मानावी.

भूपात वाजणारे झुंबर

वाजणारे झुंबर, ज्याला बाजारात विंड चाइम म्हणतात, हे सर्वांत वेळखाऊ पण सर्वांत समाधान देणारे काम आहे. किल्ल्या आणि जुने चमचे टांगून तासाभरात किणकिणणारे काहीतरी होते, आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी तेवढे पुरेही. बांबूच्या नळ्यांचा टकटक आवाज मला धातूपेक्षा अधिक आवडतो. पण मूल दहा-अकरा वर्षांचे असेल आणि त्याला मोजमापाची आवड असेल, तर ॲल्युमिनियमच्या नळ्या सुरांत कापाव्यात.

दोन्ही टोके मोकळी असलेल्या नळीचा सूर तिच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. म्हणजे नळी निम्मी केली, तर कंपनसंख्या दुप्पट न होता चौपट होते आणि सूर एक सप्तक न चढता दोन सप्तके चढतो. एकच सप्तक चढवायचे असेल, तर ३० सेंटीमीटरच्या नळीसाठी दुसरी नळी सुमारे २१.२ सेंटीमीटर हवी. या हिशेबाने भूप रागाचे सूर काढता येतात. भूपात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर असतात, मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात, त्यामुळे अर्ध्या सुराच्या अंतरावरचे दोन सूर कधी एकत्र वाजत नाहीत आणि वाऱ्याने कोणत्याही क्रमाने वाजवले तरी कानाला खटकत नाही. वाऱ्यासाठी याहून सोयीचा राग मला दिसत नाही. षड्जाची नळी ३० सेंटीमीटरची धरली, तर ऋषभ २८.३, गंधार २६.८, पंचम २४.५, धैवत २३.२ आणि तार षड्ज २१.२ सेंटीमीटर येतो. हे हिशेब जमायला सगळ्या नळ्या एकाच जाडीच्या आणि व्यासाच्या हव्यात, म्हणून शक्यतो त्या एकाच अँटेनाच्या असाव्यात. हा षड्ज घरातल्या पेटीच्या कोणत्याही पट्टीशी जुळेलच असे नाही, पण नळ्यांचे आपसातले नाते बरोबर येते. मापे वहीत लिहिणे आणि नळीवर खुणा करणे मुलांचे काम. हॅकसॉने, म्हणजे धातू कापायच्या करवतीने, कापणे मोठ्यांचे, आणि कापलेल्या कडा कानशीने गुळगुळीत करणे दोघांचे मिळून. नळी किंचित लांब कापून मग कानशीने घासत सुरात आणावी, कारण कमी कापलेली नळी घासता येते, जास्त कापलेली वाढवता येत नाही.

टांगायचे भोक कुठे पाडायचे, याला मोठे महत्त्व आहे. नळी वाजते तेव्हा ती सगळीकडे सारखी थरथरत नाही. टोकापासून लांबीच्या २२.४ टक्के अंतरावर दोन्ही बाजूंना दोन जागा जवळजवळ स्थिर राहतात. तिथे दोरा बांधला तर आवाज दबत नाही. ३० सेंटीमीटरच्या नळीत ही जागा टोकापासून ६.७ सेंटीमीटरवर येते, २८.३ च्या नळीत ६.३ वर, २६.८ च्या नळीत ६ वर, २४.५ च्या नळीत ५.५ वर, २३.२ च्या नळीत ५.२ वर आणि सर्वांत लहान नळीत ४.७ च्या जवळ. भोक पाडण्याआधी मुलांना हे हाताने अनुभवू द्यावे. नळी त्या खुणेवर दोन बोटांत हलकेच धरून तिच्या मध्यावर लाकडी उलथन्याच्या दांड्याने टोला मारला की सूर बराच वेळ घुमतो. तीच नळी टोकाला घट्ट धरून मध्यावर मारले तर ठक् असा मेलेला आवाज येतो. एवढे झाल्यावर मुले खुणा करताना मिलिमीटरही चुकू देत नाहीत.

वरचा आधार म्हणून नारळाच्या डोळ्यांकडची अर्धी करवंटी घ्यावी. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो आणि तो सळईने टोचला की उघडतो. त्यातून टांगायची दोरी वर काढावी, म्हणजे करवंटी पालथी लटकते आणि पाणी साचत नाही. आतला खोबऱ्याचा अंश नीट खरवडून काढावा, नाहीतर मुंग्या लागतात, आणि बाहेरच्या शेंड्या पॉलिश पेपरने घासाव्यात. करवंटीच्या कडेजवळ समान अंतराने सहा भोके ड्रिलने पाडावीत. खिळा ठोकू नये, करवंटी तडकते. करवंटीचा व्यास १० ते ११ सेंटीमीटर असेल, तर भोकांत साधारण साडेपाच सेंटीमीटर अंतर राहते. सहा नळ्या त्या भोकांतून अशा टांगाव्यात, की सगळ्यांचे मधले बिंदू एका पातळीत येतील. म्हणजे लहान नळ्यांच्या दोऱ्या मोठ्यांपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर लांब ठेवाव्या लागतात.

मध्यभागी त्याच पातळीवर टोला टांगावा. चार सेंटीमीटर व्यासाचा लाकडी तुकडा, करवंटीचा गोल कापलेला तुकडा किंवा जुन्या लाटण्याची चकती यांतले काहीही चालते. धातूचा टोला कर्कश वाजतो. टोला आणि नळ्या यांच्यात सगळीकडून दोन सेंटीमीटर मोकळी जागा असावी. टोल्याच्या दोरीचे खालचे टोक नळ्यांच्या खाली हातभर लांब सोडून त्याला श्रीखंडाच्या डब्याचे झाकण उभे बांधावे. वारा खरे तर या झाकणाला ढकलतो आणि झाकण टोल्याला. मंद वाऱ्याच्या जागी मोठे झाकण आणि हलका टोला, जोराच्या वाऱ्याच्या जागी लहान झाकण, असे बदलून पाहावे. झाकणाऐवजी सीडी बांधण्याची पद्धत आहे, पण तिच्यावरून परावर्तित होणारे ऊन समोरच्या घरात किंवा रस्त्यावरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांत जाते. आणि ती कापायला गेले तर तिच्या धारदार चिरफळ्या उडतात, त्यामुळे मुलांसमोर सीडी कापूच नये.

कोणाच्या हातात काय

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, बुचे आणि रिफिलीचे तुकडे हाताळू देऊ नयेत, कारण ते तोंडात जातात आणि घशात अडकतात. चार-पाच वर्षांची मुले झिरमिळ्या निवडणे, रंगवणे आणि मोठ्या भोकाची झाकणे दोरीत ओवणे ही कामे आनंदाने करतात. सहा ते नऊ वर्षांची मुले आखतात, गोल टोकाच्या कात्रीने कापतात, धावदोरा घालतात. दहाच्या पुढे मोजमाप, गाठी आणि कानशीचे काम त्यांच्यावर सोपवता येते. ड्रिल, हॅकसॉ, तापलेला खिळा आणि धारदार पाते कोणत्याही वयात मोठ्यांच्याच हाती असावे. एकाच घरात दोन वयांची मुले असतील, तर दोघांना एकच वस्तू देऊ नये. लहान मूल नळ्यांच्या सुरांपाशी कंटाळते आणि मोठे बुचे ओवताना.

टांगताना

आकडा भिंतीत किंवा गजात पक्का असावा आणि वस्तू ज्या जागी हलणार आहे, तिथे भिंत, कुंडी किंवा कोणाचे डोके तिच्या वाटेत येऊ नये. रस्त्याच्या किंवा जिन्याच्या वर जड काही टांगू नये. विजेच्या तारांच्या आणि डिश अँटेनाच्या केबलच्या जवळ तर काहीच नको, विशेषतः धातूच्या नळ्या. वरच्या मजल्यांवर वारा अंगणातल्यापेक्षा बराच जोराचा असतो, हे आधीच्या चिंध्यांनी दाखवलेले असतेच. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत भिरभिऱ्याची कामटी गजाला दोन ठिकाणी बांधावी. झुंबर शेजाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीला लागून असेल, तर रात्री टोला एका नळीला रबर लावून बांधून ठेवावा किंवा पूर्ण झुंबर आत घ्यावे. दिवसा गोड वाटणारा आवाज रात्री दोन वाजता तसा वाटत नाही, आणि सोसायटीच्या बैठकीत त्याची चर्चा होण्यापेक्षा हे बरे.

जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस येण्याआधी कागदी वस्तू काढून घ्याव्यात, झुंबराच्या गाठी तपासाव्यात आणि विंडसॉकची शिवण पुन्हा एकदा पक्की करावी. नायलॉनची दोरी उन्हाने कडक होऊन अचानक तुटते, म्हणून ती दरवर्षी बदलावी. वस्तू फाटू लागली की ती लोंबत न ठेवता उतरवावी आणि मुलांनीच ती सोडवावी: ॲल्युमिनियमच्या नळ्या, छत्रीच्या काड्या आणि बाटलीचे प्लॅस्टिक भंगारवाल्यासाठी वेगवेगळे काढावे, मणी व कड्या पुढच्या वस्तूसाठी डबीत ठेवाव्यात, बेरंग झालेल्या कापडाची पुसणी करावीत आणि करवंटी फोडून कुंडीच्या तळाशी पाण्याच्या निचऱ्यासाठी घालावी.